नळीचं दुसरं टोक

कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसच्या यंत्रात नळीची दोन्ही टोकं बुडालेली असतात. एका बाटलीत एक, दुसऱ्या बाटलीत दुसरं, दोन्ही बाटल्यांत बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि प्लॅटिनमची तार, आणि दोन तारांमध्ये ३० हजार व्होल्ट. नळीच्या पोकळीतून रेणू आपापल्या विद्युतभाराप्रमाणे आणि आकाराप्रमाणे मागेपुढे होत जातात. वाटेत एका खिडकीतून अतिनील प्रकाश पडतो, तिथे त्यांची हजेरी लागते. पीएचडीची पहिली दोन वर्षं मी हेच करत होते आणि आपल्याला हे यंत्र येतं, असा माझा समज होता. मग एका सोमवारी मॅडम म्हणाल्या, "ते दुसरं टोक बाटलीतून काढ. ते मास स्पेकला जोडायचंय." मास स्पेक म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूचं वजन मोजणारं यंत्र.

"पण मग टोक हवेत राहील. सर्किट पूर्ण कसं होणार?"

"तेच तर बघायचंय," म्हणाल्या आणि मीटिंगला निघून गेल्या. पुढचे अकरा महिने मी त्या एका टोकापाशी काढले.

विषय हिमोग्लोबिनचा होता. मी मूळची वर्ध्याची. सिकलसेल, म्हणजे हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार, हा शब्द आमच्याकडे पुस्तकातून शिकावा लागत नाही. विदर्भात आणि तिकडे नंदुरबारच्या पट्ट्यात तो घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या वेगळ्या हिमोग्लोबिनची तपासणी मुख्यतः ते कसं धावतं यावरून होते, आणि अडचण तिथेच येते. दोन वेगळे प्रकार एकाच जागी येऊन थांबले की पंचाईत. नेहमीच्या अल्कली जेलवर एस (सिकलचं हिमोग्लोबिन) आणि डी हे दोन प्रकार एकाच रेघेत दिसतात. एचपीएलसी या दुसऱ्या तपासणीत ई हा प्रकार, निरोगी रक्तातही थोडं असणाऱ्या ए-२ च्या जागेवर येऊन बसतो. अशा वेळी धावण्याच्या जोडीला रेणूचं वजनही कळलं तर बरं, एवढी साधी कल्पना. एका रुग्णालयाकडून तपासणीनंतर उरलेले, नाव-गाव काढून टाकलेले नमुने मिळणार होते. नीतिमत्ता समितीच्या परवानगीला चार महिने लागले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कल्पना नवी नाही, हेही सांगते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळं धावतं हे दाखवलं. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅमने तो फरक एका अमिनो आम्लावर आणून ठेवला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. १९८१ मध्ये अमेरिकेत जॉर्गेन्सन आणि ल्यूकॅक्स यांनी ७५ मायक्रॉनच्या काचेच्या नळीत हीच धावण्याची शर्यत लावली आणि १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंडला रिचर्ड स्मिथच्या गटाने त्या नळीचं टोक मास स्पेकला जोडलं. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी हे होऊन गेलेलं. तरी आमच्या लॅबमध्ये ते करायला घेतलं तेव्हा रोज काहीतरी नवीनच निघायचं.

सर्किटचं उत्तर कागदावर सोपं आहे. स्प्रेची सुई म्हणजे एकात एक घातलेल्या तीन नळ्या. मधोमध आपली कॅपिलरी. तिच्याभोवती स्टीलची सुई, आणि या दोघींमधल्या फटीतून शीथ द्रव, म्हणजे आवरणाचा द्रव, वाहतो: निम्मं पाणी, निम्मं आयसोप्रोपेनॉल, त्यात ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल. सगळ्यांत बाहेरून नायट्रोजन. कॅपिलरीच्या टोकाशी हा शीथ द्रव तिला जणू ओली टोपी घालतो. त्या ओलीतून वीज सुईपर्यंत पोचते आणि सर्किट पूर्ण होतं. बाटलीची जागा एका थेंबाने घ्यायची, इतकंच. तो थेंबही टिकत नाही, कारण मास स्पेकच्या तोंडावरचे उणे चार हजार व्होल्ट त्याला सतत ओढून त्याचे तुषार करत असतात. शीथ द्रव मिनिटाला ४ मायक्रोलिटर. कॅपिलरीतून येणारा द्रव त्याच्यापुढे नगण्य, नॅनोलिटरांत मोजायचा.

म्हणजे एकाच सुईवर दोन सर्किटं येऊन मिळतात. नळीचं तीस हजारांचं आणि स्प्रेचं चार हजारांचं. काही यंत्रांत सुईवरच व्होल्टेज असतं, आमच्याकडे नशिबाने सुई अर्थला होती. मास स्पेकच्या कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला फोन केला तर तो म्हणाला, दुसऱ्या कंपनीचं यंत्र जोडून बोर्ड उडाला तर आम्ही जबाबदार नाही. हे ऐकून मॅडम आठवडाभर गप्प होत्या. यंत्र कोट्यवधींचं, मी विद्यार्थिनी.

शेवटी आमच्या लॅबचे मामा मदतीला आले. मामा म्हणजे लॅब अटेंडंट. तीस वर्षं इथे आहेत. त्यांनी आधी मल्टिमीटर आणला आणि दोन यंत्रांच्या दोन अर्थिंगमध्ये लावला. काटा हलला. दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या बोर्डांवर होती, दोघांचा शून्य एक नव्हता. मामा म्हणाले, "ताई, आधी यांचा शून्य एक करा, मग बाकीचं." तांब्याची जाड पट्टी टाकून दोन्ही अर्थ एकत्र बांधले. त्यानंतर करंटचा आकडा जो थरथरत होता तो स्थिर झाला.

आता नळीबद्दल थोडं, कारण माझा बहुतेक वेळ त्यातच गेला. कॅपिलरी रीळावर मीटरच्या भावाने येते. बाहेरून ३६० मायक्रॉन, आतली पोकळी ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. वरून तपकिरी पॉलिइमाइडचा थर, त्यामुळे ती वाकते. थर नसेल तर नुसत्या बोटानेही तुटते. ९० सेंटिमीटरच्या नळीत मावतो जेमतेम पावणेदोन मायक्रोलिटर द्रव. त्यात ५० मिलिबार दाब १० सेकंद देऊन सॅम्पल भरलं, तर आत जातात आठ-नऊ नॅनोलिटर. रक्ताच्या एका थेंबातून असे किती रन होतील याचा हिशेब मी एकदा मांडला आणि सोडून दिला.

ही नळी कापायची कशी हे मला कुणी शिकवलं नव्हतं. यूव्हीच्या, म्हणजे अतिनील खिडकीच्या, वेळी वाकडीतिकडी कापली तरी चालायचं, टोक बाटलीत बुडालेलं, कोण बघतंय. स्प्रेमध्ये मात्र टोक तिरकं असेल तर तुषारही तिरका उडतो. काच कापणारा जशी एकच हलकी रेघ ओढून टिचकी मारतो, तसं करायचं. सिरॅमिकच्या पात्याने एकदाच ओरखडा, मग नळी सरळ ताणायची, वाकवायची नाही. वाकवली की कडेला टवका उडतो. मग टोकाकडचं दोन-तीन मिलिमीटर पॉलिइमाइड लायटरने जाळायचं आणि अल्कोहोलने पुसायचं, नाहीतर ते द्रवात फुगून टोकाशी चिंधीसारखं लोंबतं. मग नळी सुईत घालून स्क्रूने पुढे सरकवायची. सुईच्या बाहेर ती किती डोकावली पाहिजे? साधारण एक दशांश मिलिमीटर. कमी झालं तर सिग्नल पातळ, जास्त झालं तर स्प्रे फुटतो. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग मी विकत आणलं. पहिल्या महिन्यात अडीच मीटर नळी कचऱ्यात गेली.

बफरचाही प्रश्न होताच. फॉस्फेट आणि बोरेट हे माझे दोन वर्षांचे सोबती. मास स्पेकला ते चालत नाहीत. तिथे जे उडून जातं तेच चालतं. क्षार उडत नाहीत, तोंडाशी पांढरे थर जमतात आणि सिग्नल दबतो. म्हणून एक मोलर फॉर्मिक आम्ल. वास असा की संध्याकाळी घरी गेल्यावर आई विचारायची, आज मुंग्या मारल्यास का? फॉर्मिक आम्ल पहिल्यांदा मिळालं ते मुंग्यांतूनच, हे मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

पहिली मोठी चूक याच क्षारांमुळे झाली. यूव्हीच्या दिवसांत दर सकाळी नळी सोडियम हायड्रॉक्साइडने धुवायची सवय. हात आपोआप चालतात. नळी स्प्रेमध्ये बसवलेली आहे हे लक्षात न घेता मी एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड एक बार दाबाने दहा मिनिटं सोडलं. आत गेलं सुमारे दहा मायक्रोलिटर, डोळ्यात घालायच्या औषधाच्या एका थेंबाचा जेमतेम पाचवा हिस्सा. त्याने नऊ दिवस खाल्ले. प्रत्येक पीकच्या (आलेखातल्या शिखराच्या) शेजारी २२ डाल्टनवर (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) एक सावली, तिच्या शेजारी आणखी २२ वर दुसरी. हायड्रोजनच्या जागी सोडियम चिकटला की नेमका एवढाच फरक पडतो. मास स्पेकचा स्रोत, म्हणजे तुषार पडतो तो भाग, उघडून, पुसून, रात्रभर आयसोप्रोपेनॉल सोडून सावल्या हळूहळू फिक्या झाल्या. तेव्हापासून धुण्याआधी स्प्रे बाहेर काढायचा, अशी पाटी मी यंत्रावर चिकटवली. मॅडमनी त्या पाटीखाली तारीख टाकली. त्या दिवसाची.

दुसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, पण तिने जास्त छळलं. तेच सॅम्पल, तोच बफर, तेच व्होल्टेज, आणि पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) आज अठरा मिनिटांनी यायचं, उद्या तेराला. पीक जाडजूड, शेजारचं त्यातच बुडालेलं. मी बफर बदलला, नळी बदलली, व्होल्टेज तपासलं. नेब्युलायझरचा, म्हणजे तुषार करायला बाहेरून सोडलेला, नायट्रोजन टोकापाशी जोरात वाहतो तेव्हा तिथे दाब कमी होतो आणि नळीतला द्रव पुढे ओढला जातो, हे वाचलं होतं. म्हणून गॅस अर्ध्या बारच्याही खाली आणला, आणि सॅम्पल भरताना पूर्ण बंद ठेवू लागले. फरक पडला, पण पुरेसा नाही.

मामा एका बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "ही बाटली वर आहे ना ताई? त्या सुईपेक्षा?"

मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं. सारखंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याची लेव्हलची नळी आणली, ती पारदर्शक प्लॅस्टिकची, पाणी भरलेली, घर बांधताना दोन खांबांवर एक पातळी बघायला वापरतात ती. एक टोक माझ्या बफरच्या बाटलीशी धरलं, दुसरं स्प्रेच्या सुईशी. बाटली आठ सेंटिमीटर वर होती. दोन्ही यंत्रांच्या टेबलांची उंची वेगळी, मध्ये स्प्रेचा कोन, डोळ्याला कळणं शक्यच नव्हतं. एवढ्या फरकाने सायफनसारखं पाणी खाली ओढलं जात होतं. हिशेब केला: ५० मायक्रॉनच्या नळीतसुद्धा दर मिनिटाला जवळजवळ अर्धा सेंटिमीटर. वीस मिनिटांच्या शर्यतीत रेणू फुकटात नऊ-दहा सेंटिमीटर पुढे. शिवाय दाबाने वाहणारा द्रव मध्ये जोरात आणि कडेला हळू जातो, म्हणून पीक पसरायचं. विजेने हलणारे रेणू असे पसरत नाहीत, या तंत्राची सगळी खुमारी त्यातच आहे, आणि ती मी आठ सेंटिमीटरच्या उंचीत घालवत होते. मास स्पेकखाली प्लायवूडचे तुकडे सरकवले. पातळी एक झाली. वेळा जागेवर आल्या. गवंड्याची ती नळी अजून यंत्राशेजारी खुंटीला टांगलेली आहे. बाहेरून कुणी लॅब बघायला आलं की ती काय म्हणून हमखास विचारतात.

जुलैमध्ये वेगळंच सुरू झालं. पुण्यातली हवा दमट, आणि २५ हजार व्होल्टच्या वर गेलं की यंत्र ट्रिप. ओलसर हवेतून, नळीच्या बाहेरून, वीज आपली वाट शोधते. एकदा अंधारात निळी ठिणगी दिसली, टक् असा आवाज आला, आणि मी दोन पावलं मागे सरले. डिह्युमिडिफायर मागवला. त्याची बादली सकाळ-संध्याकाळ रिकामी करणं हे तेव्हापासून माझ्या दिनक्रमात आलं.

पेप्टाइड नीट यायला लागले, पण खरं हिमोग्लोबिन नळीत सोडलं की पीकना शेपट्या फुटायच्या. प्रथिनं काचेला चिकटतात. आम्लात काच बरीच शांत असते, तरी पुरेशी नाही. नळीला आतून पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं अस्तर लावायचं ठरलं. ही रीत उप्सालाच्या स्टेलान येर्टेन यांनी १९८५ मध्ये दिली. आधी सिलेनचा थर, जो काचेला एका हाताने धरतो आणि अ‍ॅक्रिलामाइडला दुसऱ्या. मग आत अ‍ॅक्रिलामाइड भरून साखळ्या वाढू द्यायच्या आणि उरलेलं वेळेवर बाहेर ढकलायचं. वेळेवर, हा शब्द मला महागात पडला. ऑक्टोबरची उष्णता, एसी बंद, मी जेवायला गेले आणि आले तोवर नळीत घट्ट जेल. पाच बार दाबानेही हलेना. ९० सेंटिमीटर लांब, पोकळी भरलेली काचेची काडी. दुसऱ्या खेपेला अ‍ॅक्रिलामाइड पातळ घेतलं, जेवण टाळलं. आणखी एक, टोक जाळायचं ते अस्तर लावण्याआधी. नंतर जाळलं तर अस्तरही जळतं. या नळीला सोडियम हायड्रॉक्साइड चालतच नाही, त्यामुळे नऊ दिवसांचा तो त्रासही कायमचा मिटला.

मग एका शनिवारी, इमारतीत मी आणि वॉचमन एवढेच असताना, पहिलं नीट हिमोग्लोबिन आलं. आम्लात हा रेणू सुटा होतो. हीम, म्हणजे त्यातला लोह असलेला भाग, वेगळं पडतं, ६१६ वर दिसतं. अल्फा साखळी वेगळी, बीटा वेगळी. प्रत्येक साखळी पंधरा-सोळा भार घेऊन येते, म्हणून स्पेक्ट्रम एका रेघेचा नसून कंगव्यासारखा दिसतो. सॉफ्टवेअरने कंगवा गोळा करून आकडे दिले: १५१२६ आणि १५८६७. माझं स्वतःचंच रक्त होतं ते. मी स्क्रीनचा फोटो काढून आईला पाठवला. तिने विचारलं, नॉर्मल आहे ना?

रुग्णालयाचे नमुने सुरू केल्यावर जे दिसलं ते मला अजूनही बघावंसं वाटतं. सिकलचा वाहक: बीटाच्या जागी दोन आकडे, १५८६७ आणि १५८३७. ग्लुटामिकचं व्हॅलीन झालं की वजन तीसने घटतं. पण वेळेत दोघं जवळजवळ एकत्र! ज्या भाराच्या फरकावर पॉलिंगचा सगळा प्रयोग उभा होता, तो माझ्या नळीत नाहीसा झाला होता. कारण साधं आहे. पीएच दोनच्या आसपास ग्लुटामिक आम्लावर भारच उरत नाही, मग त्याच्या जागी व्हॅलीन आलं काय आणि न आलं काय. सिकल इथे धावण्यावरून कळत नाही, वजनावरून कळतो.

ई मध्ये बरोबर उलटं. तिथे सव्विसाव्या जागी ग्लुटामिकचं लायसीन होतं. वजनात फरक एका डाल्टनचा, पंधरा हजार आठशे सदुसष्टांत एक, वजनावरून कुणी शपथ घेणार नाही. पण लायसीन आम्लात धन भार घेऊन येतं. बीटा साखळीवर आम्लात चोवीसेक धन भार असतात, तिथे एक वाढला म्हणजे चार टक्के. ई अर्ध्या-पाऊण मिनिटाने आधी आला, स्वच्छ वेगळा. दोन यंत्रं का जोडायची याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला प्रबंधात लिहिता आलेलं नाही.

आणि मग डी. एकशे एकविसाव्या जागी ग्लुटामिकचं ग्लुटामीन. आम्लात दोघांवर भार नाही, वजनात फरक एकाचा. वाहकाच्या नमुन्यात दोन्ही साखळ्या एकावर एक बसल्या. दोघांची सरासरी फार तर अर्ध्या डाल्टनने हलली. इतका खटाटोप करून उभं केलेलं जोडयंत्र आणि समोर एकच देखणं, सुबक, निरुपयोगी पीक. माझा चेहरा बघून मॅडम म्हणाल्या, "पूर्ण साखळी कशाला धरून बसतेस? तुकडे कर ना."

ट्रिप्सिनने तुकडे केले. हा एन्झाइम लायसीन आणि आर्जिनीननंतर साखळी कापतो. एकशे एकविसावी जागा बारा अमिनो आम्लांच्या एका तुकड्याच्या सुरुवातीलाच येते. नेहमीचा तुकडा १३७८.७ वर, डी चा १३७७.७ वर. पंधरा हजारांत हरवणारा एक डाल्टन तेराशेत लख्ख दिसतो. सिकलचा पहिला तुकडा ९५२.५ ऐवजी ९२२.५ वर आला. ई मध्ये तर लायसीन आल्यामुळे ट्रिप्सिनला कापायला नवीनच जागा मिळते, त्यामुळे १३१४ चा तुकडा दुभंगून ९१६.५ चा नवा तुकडा दिसतो. इन्ग्रॅमनेही ट्रिप्सिनच वापरलं होतं, फक्त तुकडे वेगळे केले ते कागदाच्या तावावर.

रुग्णालयातल्या ज्या डॉक्टरांनी नमुने दिले होते, त्यांना हे सगळं दाखवायला गेले. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं, ई चा पीक दोनदा बघितला.

"दिवसाला किती होतात?"

"बारा. सगळं नीट चाललं तर."

"आमच्या शिबिराच्या दिवशी दोनशे असतात," ते म्हणाले. मग जरा थांबून, "जे अडतात तेवढेच पाठवू का?"

पुढच्या मंगळवारी बर्फाच्या डब्यातून तीन नमुने आले. पावसाळा पुन्हा सुरू झाला होता. डिह्युमिडिफायरची बादली रिकामी केली, लेव्हलची नळी एकदा धरून बघितली, आणि हवा कोरडी होईपर्यंत नवी कॅपिलरी कापायला बसले.